बाबांची रात्रपाळी आणि ‘क्रॉन’
यवतमाळकडचे असाल तर माहितीच आहे, कृषिपंपाची वीज पाळीनं येते. समजा, तुमच्या फीडरला एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. बाबांना आठवण करून देणारा प्रोग्राम लिहायला बसा, मग गंमत कळते. ‘क्रॉन’च्या पाच खणांत मिनिट, तास, तारीख, महिना, वार बसतात; ‘आठवड्याआड’ काही बसत नाही! पायथनच्या ‘डेटयुटिल’मधल्या ‘आररूल’ला ते जमतं : साप्ताहिक, इंटरव्हल २. पण मोजायचं कुठल्या आठवड्यापासून? सुरुवातीची तारीख दिली नाही, तर तो ‘आत्ता’पासून मोजतो. म्हणजे प्रोग्राम रीस्टार्ट झाला की पाळी उलटू शकते, अन् बाबा ओलितासाठी भलत्याच रात्री वावरात. ‘डीटीस्टार्ट’मध्ये पाळीची पहिली तारीख टाकाच.