आधी पाठ, मग खोगीर

‘खोगीरभरती’ हा शब्द आपण बिनकामाच्या गर्दीला लावतो. परंतु ज्याच्या दारात तट्टू बांधलेले आहे, त्याने हा शब्द असा हलका समजू नये. खोगिरात काय भरले आहे, कोठे भरले आहे आणि ते पाठीला कसे टेकते, यावर त्या मुक्या जनावराचे आरोग्य आणि धन्याचे काम अवलंबून असते. बैलाचा खांदा सुजला की आपण लगेच जू तपासतो. घोडे मात्र तंग आवळताना चावायला धावले किंवा उतारावर अडून राहिले, की त्याला खोडकर ठरवून मोकळे होतो. पुष्कळदा खोड घोड्यात नसते, खोगिरात असते.

भरीव अंगाचे तट्टू

भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोड्याचे उदाहरण घ्या. यालाच दख्खनी घोडा असेही म्हणतात. बुटका, काटक, थोड्या चाऱ्यावर राहणारा आणि डोंगरवाटेला न डगमगणारा हा घोडा एके काळी मराठ्यांच्या फौजेत होता. आज पुणे, सोलापूर, सातारा व अहिल्यानगर या भागांतील धनगर बांधव मेंढरांमागे फिरताना आपले बिऱ्हाड याच्याच पाठीवर लादतात. २०२३ साली या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली.

अशा बुटक्या, भरीव जनावरांची अडचण अशी की बाजारातील तयार जीन बहुधा उंच, निमुळत्या अंगाच्या घोड्यासाठी केलेले असते. तट्टाची पाठ आखूड आणि पोट गोल. मानेच्या मुळाशी दोन खांद्यांमधला जो उंचवटा असतो, तोही पुष्कळदा सपाट असतो. त्यामुळे जीन एका बाजूला घसरते. मालक तंग आणखी आवळतो, आणि तेथूनच जखमेची सुरुवात होते.

दुसरी चूक याहून मोठी. खोगीर टोचते असे दिसले की खाली आणखी एक घोंगडी घातली जाते. खोगिराचा सांगाडाच अरुंद असेल तर हा उपाय उलटा पडतो. घट्ट वहाणेत जाड मोजा घातला तर पाय सुखावतो काय? आणखीच आवळतो. सांगाडा अरुंद असेल तर सांगाडाच बदलावा लागतो, त्याला दुसरा उपाय नाही. तो किंचित रुंद असेल तर मात्र चांगल्या भरतीने काम भागते.

खोगीर कसे तपासावे?

१. सपाट जागी घोडे सरळ उभे करावे आणि खाली काही न घालता खोगीर नुसते पाठीवर ठेवावे.

२. खांद्याचे हाड मोकळे राहिले पाहिजे. पुढचा पाय पुढे पडला की या हाडाचा वरचा भाग मागे सरकतो. म्हणून खोगिराचा सांगाडा त्याच्या दोन-तीन बोटे मागे असावा.

३. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाऊ नये. घोड्याला साधारणपणे बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. त्यामागे कमरेला बरगडीचा आधार नसतो, तेथे ओझे पडता कामा नये.

४. कण्यावर काहीही टेकू नये. दोन्ही गाद्यांमध्ये सरळ पन्हळ हवी. मागे उभे राहून पाहिले तर पुढचा उजेड दिसला पाहिजे. स्वार बसल्यावर किंवा ओझे चढवल्यावर पुन्हा पाहावे.

५. गादीखालून पुढून मागे सपाट हात फिरवावा. सगळीकडे सारखा दाब लागला तर ठीक. पुढे व मागे टेकते आणि मध्ये पोकळ राहते, असे खोगीर चार ठिकाणी पाठ फोडते.

६. तासभर काम झाल्यावर खोगीर उतरवून घाम पाहावा. सगळीकडे सारखी ओल असावी. ओल्या पाठीवर मध्येच कोरडा डाग दिसला तर तेथे दाब फार पडतो आहे किंवा गादी टेकतच नाही. डाग दाबल्यावर घोडे अंग चोरत असेल तर दाबाचीच शंका घ्यावी.

पाठीवरचे पांढरे केस हीदेखील एक खूण आहे. फार दाबाने केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि तेथे पांढरे केस उगवतात. सारंगखेड्याच्या किंवा अन्य कोणत्या बाजारात घोडे घेताना खोगिराच्या जागी असे ठिपके दिसले तर हात लावून तपासावे.

माप घरी घेता येते

पूर्वी जीनगर घोडे पाहूनच खोगीर करीत. आता असे कारागीर क्वचितच आढळतात. कानपूर हे आजही जिनांचे मोठे केंद्र आहे, पण घोडे घेऊन तेथे कोण जाणार? म्हणून माप पाठवावे. वाकवल्यावर तसाच राहील असा जाड, मऊ तारेचा तुकडा घ्यावा. खांद्याच्या हाडामागे, पाठीच्या मध्यावर आणि शेवटच्या बरगडीजवळ तो आडवा दाबून पाठीचा आकार घ्यावा व पुठ्ठ्यावर रेखून त्यावर तारीख लिहावी. पावसाळ्यानंतर हिरव्या चाऱ्यावर घोडे भरते, उन्हाळ्यात उतरते. म्हणून वर्षातून दोनदा माप ताडून पाहावे व भरती कमीजास्त करावी.

भरतीला लोकर उत्तम. चिंध्यांच्या व पेंढ्याच्या गाठी होतात. घोंगडी घालताना सुरकुती राहू देऊ नये आणि तंग आवळण्यापूर्वी ती मधल्या पन्हळीत वर ओढून घ्यावी.

तंग, दुमची, लगाम

तंग रुंद, सुती किंवा लोकरीचा असावा. नायलॉनची दोरी कातडी कापते. तंग पुढच्या पायाच्या कोपरापासून सुमारे चार बोटे मागे यावा व एकदम न आवळता दोन-तीन वेळा थोडा थोडा आवळावा. उतारावर खोगीर पुढे सरकू नये म्हणून दुमची लागते. शेपटीखाली येणारा तिचा भाग गुळगुळीत व मऊ हवा. तोंडातील लोखंड ओठांना चिमटा घेणारे किंवा काटेरी नसावे. काटेरी लोखंड वापरणे कायद्याने गुन्हा आहे.

ओझ्याची मर्यादा

ओझेवाहू जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांप्रमाणे तट्टावर ७० किलो, खेचरावर २०० किलो आणि गाढवावर ५० किलो ही कमाल मर्यादा आहे. दिवसाला ९ तासांहून जास्त किंवा सलग ५ तासांहून जास्त काम घेऊ नये. पारा ३७ अंशांच्या वर जातो तेथे दुपारी १२ ते ३ जनावर जुंपू नये. ओझे दोन्ही बाजूंना सारखे असावे. एकीकडे जड झाले की खोगीर कितीही चांगले असले तरी पाठ लागते.

पाठ लागलीच तर

पहिला उपाय विश्रांती. जखम पूर्ण भरून येईपर्यंत खोगीर चढवू नये. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवावी. चुना, गाडीचे जुने तेल किंवा डाग देणे यांपैकी काहीही करू नये. माश्या बसून किडे पडले, पू झाला किंवा सूज वाढली तर पशुवैद्याकडे जावे. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो व तो बहुधा जिवावर बेततो. लहानशा जखमेतूनही तो शिरतो. म्हणून प्रतिबंधक लस आधीच टोचून घ्यावी. घोड्याची सेवा करणाऱ्यांनीही आपली लस चुकवू नये.

काम संपल्यावर खोगीर उतरवावे, पाठीवरून हात फिरवावा, खरारा करावा, चामडे पुसून सावलीत वाळवावे. या सगळ्याला अर्धा तास लागतो. पाठ फुटली तर महिनाभर घोडे ठाणावर बसून खाते.