प्राचीन चीनमधील वेशभूषा

प्राचीन चीनमध्ये सभ्य गृहस्थाचा पोशाख म्हणजे रुंद बाह्यांचा पायघोळ झगा. कष्टकरी मात्र वाखाचे जाडेभरडे, आखूड कपडे घालीत. झग्याचा उजवा पदर आत घेऊन डावा त्यावरून उजव्या कुशीकडे नेत व कमरेस पट्टा आवळीत. ही गोष्ट क्षुल्लक समजू नका. झगा उलट्या बाजूने मिटणारा मनुष्य चिन्यांच्या लेखी रानटी परका!

उत्तरेकडील झाओ राज्याचा राजा वूलिंग याच्यापुढे मात्र मोठा पेच पडला. घोड्यावरून बाण सोडणाऱ्या भटक्या टोळ्या सरहद्दीवर होत्या, आणि पायघोळ झग्यात घोड्यावर मांड ठोकणे कठीण. इ. स. पूर्वी ३०७ साली त्याने त्या परक्यांचीच आखूड बंडी व विजार स्वीकारण्याचे ठरविले. दरबारात गहजब झाला. राजाच्या चुलत्याने तर आजाराचे निमित्त सांगून दरबारात येण्याचेच टाळले. राजाने त्याच्यावर सक्ती केली नाही. तो स्वतः चुलत्याच्या घरी गेला, त्याची समजूत घातली व त्यास नवा पोशाख दिला. दुसऱ्या दिवशी चुलता तोच पोशाख घालून दरबारात हजर झाला! पुढे झाओचे घोडदळ बलाढ्य झाले.

तरीही झगा लोपला नाही. १९७२ साली चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे हान काळातील एका सरदारपत्नीची कबर उघडण्यात आली. तीत तलम रेशमाचा एक झगा सापडला. लांबी १२८ सेंटिमीटर, बाह्या पसरल्यास रुंदी जवळजवळ दोन मीटर. आणि वजन अवघे ४९ ग्रॅम!