कातळावरची खरूज

दक्षिण स्पेनमधल्या कासोर्लाच्या डोंगरांत १९८७ साली आयबेक्स मरू लागले. आयबेक्स म्हणजे तिथले रानबोकड. उभ्या कातळावर बोटभर खाचेत खूर रोवून उभे राहणारे. त्यांची संख्या सुमारे १०,००० होती. बघता बघता ९५ टक्क्यांहून अधिक गेले. ना दुष्काळ, ना बंदुका. मारेकरी होता अर्ध्या मिलिमीटरहून लहान, बिनडोळ्यांचा, आठ पायांचा किडा, सार्कोप्टिस. माणसाला खरूज होते ती याच्याच भाऊबंदांमुळे.

मादी कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात शिरते आणि बोगदा पोखरत पुढे सरकते. मागे रोज दोन-तीन अंडी आणि विष्ठा. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पाय सहाच, उरलेले दोन कात टाकल्यावर फुटतात. दोन-तीन आठवड्यांत पुढची पिढी तयार!

खरी चकित करणारी गोष्ट म्हणजे खाज. पहिल्यांदाच लागण झालेल्या जनावराच्या शरीराला हा पाहुणा ओळखायलाच काही आठवडे लागतात. मग त्याची स्वतःचीच प्रतिकारशक्ती बिथरते आणि अंग पेटतं. तोवर धडधाकट दिसणारं ते जनावर खुशाल कळपात अंगाला अंग लावून वावरत असतं. पुढे केस झडतात, कातडी जाड होऊन राखाडी खपल्या धरते, भेगांतून जिवाणू शिरतात. खाजवण्यापायी चरणं राहतं आणि उघड्या अंगावर हिवाळा येतो.

किड्याला ना उडता येतं ना उडी मारता येते. तरी तो डोंगर ओलांडतो, कारण आयबेक्स ओलांडतात. नोव्हेंबर-डिसेंबरात माजावर आलेले नर माद्यांमागे हिंडतात, तेव्हा त्याची चंगळ. कासोर्लात तो आला तो बहुधा पाळीव शेळ्यांच्या अंगावरून. आल्प्समधल्या शॅमॉय या शेळीच्याच कुळातल्या जनावरांत ही साथ वर्षाला काही किलोमीटर अशा चालीने खोऱ्यामागून खोरं घेत गेली. पहिला तडाखा जीवघेणा असतो, नंतरच्या लाटा बहुधा सौम्य.

दक्षिण स्पेनमधल्याच सिएरा नेवाडा डोंगरांत ही खरूज १९९२ पासून आहे, पण कासोर्लासारखी वाताहत तिथे झाली नाही. काही आजारी आयबेक्स औषधाविना बरे होतानाही दिसले. म्हणूनच ‘आजारी दिसेल तो टिपा’ हा उपाय मला पटत नाही. खपल्यांनी भरलेलं समोरचं जनावर मरणार की सावरणार, हे बंदूक धरणाऱ्याला लांबून कसं कळावं?