सोयाबीन पानांचे नुकसान मोजताना ‘इमेजजे’ अडले तर...

लातूर, नांदेड भागात सोयाबीनवर उंटअळी किंवा तंबाखूची पाने खाणारी अळी दिसली, की ‘निम्मे पान खाल्ले’ असे सहज सांगितले जाते. नजरेचा अंदाज बहुधा प्रत्यक्षापेक्षा जास्त निघतो आणि गरज नसताना फवारणीचा खर्च होतो. अमेरिकेतील विस्तार सल्ल्यात फुलोऱ्यापूर्वी साधारण ३० टक्के आणि फुलोऱ्यानंतर २० टक्के पाने खाल्ली जाईपर्यंत पीक नुकसान सोसते असे धरतात. हा फरक डोळ्यांना कळत नाही, मोजावा लागतो. त्यासाठी ‘इमेजजे’ हे १९९७ पासून उपलब्ध असलेले मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडते. त्यात येणाऱ्या नेहमीच्या अडचणी व उपाय असे :

सॉफ्टवेअर सुरू होत नाही
- झिप फाइलमधूनच चालवू नका. आधी ती पूर्ण उघडून फोल्डर डेस्कटॉपवर ठेवा.
- ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवल्यास परवानगीअभावी अपडेट अडते.
- जुना संगणक ३२ बिटचा असेल तर ६४ बिटची आवृत्ती चालणार नाही.

‘मेमरी संपली’ असा संदेश येतो
फोटोची फाइल ४ एमबीची दिसली, तरी उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. म्हणजे १२ मेगापिक्सेलचा फोटो सुमारे ४८ एमबी, तर ५० मेगापिक्सेलचा २०० एमबी जागा घेतो. मोबाइलमध्ये कमी रिझोल्यूशन निवडा, एका वेळी एकच फोटो उघडा. ‘एडिट – ऑप्शन्स – मेमरी अँड थ्रेड्स’मध्ये संगणकाच्या रॅमच्या पाऊण भागापर्यंत मर्यादा वाढवता येते.

फोटो उघडत नाही
काही मोबाइल ‘हेइक’ प्रकारात फोटो साठवतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘जेपेग’ निवडा. व्हॉट्सॲपवरून पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही.

आकडा चुकीचा येतो
- पान पांढऱ्या कागदावर सपाट ठेवा, सावली पडू देऊ नका. सावलीही पान म्हणून मोजली जाते.
- फोटो ‘८ बिट’ करून ‘थ्रेशोल्ड’ लावा. पानाऐवजी कागद लाल झाला, तर ‘डार्क बॅकग्राउंड’ची खूण काढा.
- ‘ॲनालाइझ पार्टिकल्स’ दोनदा चालवा. ‘इन्क्लूड होल्स’ला खूण असताना छिद्रांसह पूर्ण पानाचे क्षेत्र मिळते, खूण नसताना फक्त उरलेले. उदा. ४२ आणि ३३.६ आले, तर फरक ८.४, म्हणजे २० टक्के नुकसान. टक्केवारीसाठी मोजपट्टी लागत नाही; चौरस सेंमी हवे असतील तरच ‘सेट स्केल’ करा.
- कडेने खाल्लेला भाग छिद्रात धरला जात नाही. फोटोपूर्वी कागदावर काळ्या पेनाने पानाची मूळ कड पूर्ण करा. रेषेची दोन्ही टोके पानाला टेकली पाहिजेत.

एका पानावरून निर्णय घेऊ नका. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून झाडे निवडून प्रत्येकाचे वरचे, मधले, खालचे पान घ्या आणि सरासरी काढा. सोबत दोन ओळींत पांढरे कापड अंथरून एक मीटर ओळीतील झाडे हलवा व पडलेल्या अळ्या मोजा. ही दोन्ही निरीक्षणे घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या, मगच पंप उचला.