पक्षाला चंदा कोणी दिला? विचारायचा हक्क आपला आहे

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत चंदा जमा होतो. मोठी रक्कम असेल तर पावती फाडली जाते. वर्षाचा हिशेब मांडला नाही, तर जमातीतले लोक विचारतातच. मग देश चालवणाऱ्या पक्षांना कोट्यवधी रुपये कोण देतं, हे आपण विचारतो का?

सैन्याचा खर्च किती नाजूक विषय! तरी संरक्षण खात्याचं बजेट दरवर्षी संसदेत मांडलं जातं आणि कॅग त्याचा हिशेब तपासतो. पक्षांच्या देणग्यांवर मात्र सहा वर्षं पडदा होता. त्या पडद्याचं नाव इलेक्टोरल बाँड, म्हणजे निवडणूक रोखे.

२०१७ च्या वित्त कायद्याने वाट मोकळी केली आणि जानेवारी २०१८ मध्ये योजना आली. एक हजारापासून एक कोटी रुपयांपर्यंतचे रोखे फक्त स्टेट बँकेत मिळायचे. कंपनीने रोखा घ्यायचा, पक्षाने पंधरा दिवसांत वटवायचा. देणाऱ्याचं नाव जनतेला कळायचं नाही. पूर्वी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची. तीही मर्यादा काढून टाकली. म्हणजे तोट्यातली कंपनीही देऊ शकत होती!

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने ही योजना रद्द केली. कोर्टाचं म्हणणं साधं होतं: पक्षाला पैसा कुठून येतो हे कळणं मतदाराच्या माहितीच्या हक्कात येतं, आणि हा हक्क संविधानाच्या कलम १९(१)(क) मध्ये आहे. कोर्टाच्या आदेशामुळेच मार्च २०२४ मध्ये नावं आणि रकमा निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर आल्या.

मग आता सगळं स्वच्छ झालं का? नाही. आजही एका वर्षात वीस हजारांपेक्षा जास्त देणाऱ्याचंच नाव पक्षाने आयोगाला कळवायचं असतं. त्याखालच्या देणगीदारांची नावं सांगायची सक्ती नाही. आणि एका माणसाची मोठी रक्कम छोट्या तुकड्यांत दाखवली, तर ती पकडणार कोण?

हा प्रश्न आपल्या मोहल्ल्याचाही आहे. ठेकेदाराने पक्षाला पैसा दिला आणि त्यालाच गटाराचं काम मिळालं, तर तुंबलेल्या पाण्यातून चालायचं आपल्यालाच.

पक्षांचे देणगी अहवाल आयोगाच्या वेबसाइटवर असतात. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींना ते उघडून बघायला सांगा. आणि उमेदवार दारात आला की चहा जरूर पाजा, पण एक प्रश्नही विचारा, "साहेब, तुमच्या पक्षाला चंदा कोणी दिला?"