छंद, पैदास आणि परवाना

आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूर येथे आमचे एक आप्त शेती करतात. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, असा या भागातील अनेक मराठी कुटुंबांप्रमाणे त्यांचाही नित्यक्रम. त्यांना एकच षोक, तो कुत्र्यांचा. पहिल्या वेळी त्यांनी शहरातील एका विक्रेत्याकडून पिल्लू आणले, ते जेमतेम पाच आठवड्यांचे होते. आठवड्याच्या आतच त्याला रक्ताची हगवण लागली आणि ते दगावले. घरातील मुलांनी दोन दिवस धड अन्न घेतले नाही. पुढे त्यांनी चांगल्या घरची कारवान जातीची एक कुत्री मिळवली. ती यथाकाल व्याली. सहा पिल्लांपैकी दोन त्यांनी सोयऱ्यांना दिली व चार विकली. तेव्हा पुतण्याने विचारले, “काका, आता तुम्ही व्यापारी झालात. परवाना कुठे आहे? आणि कर?” काका हसले खरे, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

कारवान ही जात आपल्या दख्खनचीच. उंच, सडपातळ, लांब तोंडाचा हा धावरा कुत्रा मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी नावारूपास आणला. म्हणून त्यास मुधोळ हाउंड असेही म्हणतात. हे मुधोळ कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे; बासरजवळचे आपले मुधोळ ते नव्हे. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळचाही मान होता. अशा जातीचे जतन आजवर मोठ्या संस्थांइतकेच खेड्यांतील हौशी माणसांनी केले आहे. म्हणूनच हौशी माणसाला नियम ठाऊक असणे अगत्याचे आहे.

केंद्र सरकारने १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली २३ मे २०१७ रोजी कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधी नियम प्रसिद्ध केले. पैदास आणि विक्री यांसाठी विशिष्ट जातीचे कुत्रे बाळगणारी व्यक्ती किंवा व्यक्तींचा गट म्हणजे पैदासकार, अशी त्यांतील व्याख्या आहे. किती कुत्री असली म्हणजे धंदा आणि किती असली म्हणजे छंद, असा भेद तेथे केलेला नाही. पाळलेली कुत्री एखाद्या वेळी व्याली आणि पिल्ले आप्तेष्टांना वाटली, तर गोष्ट निराळी. परंतु विकण्याच्या हेतूने जोड लावली की घरचा गोठाही नोंदणीच्या कक्षेत येतो.

ही नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे करावयाची. तिचे शुल्क ५,००० रुपये असून जागेचे निरीक्षण होते. जागा ज्या राज्यात, त्याच राज्याचे मंडळ. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडकडे गेला. त्यामुळे किनवटच्या भावाने महाराष्ट्राच्या मंडळाकडे अर्ज करावा आणि बाजारहत्नूरच्या भावाने तेलंगणाच्या. सीमेवरील कुटुंबांनी ही गोष्ट विसरू नये.

नियमांचा गाभा मात्र कागदात नसून कुत्रीच्या काळजीत आहे. ती अठरा महिन्यांची होण्यापूर्वी जोड लावू नये. लावण्यापूर्वी पशुवैद्याकडून ती निरोगी असल्याची खात्री करून घ्यावी. वर्षातून एकदाच आणि जन्मभरात पाचच वेळा तिने विणावे. बाप-लेक, आई-मुलगा, भाऊ-बहीण अशी जवळच्या रक्ताची जोड वर्ज्य आहे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. सहा महिन्यांवरील कुत्रे विकावयाचे तर त्याची नसबंदी झालेली असावी, अथवा घेणारा नोंदणीकृत पैदासकार असावा. जन्म, मृत्यू, लस आणि विक्री यांची नोंद ठेवावी लागते.

आठ आठवड्यांची अट उगीच घातलेली नाही. या काळात पिल्लू आईच्या दुधावर पोसते आणि चावा किती घ्यावा, कुठे थांबावे, हे भावंडांशी खेळताना शिकते. आईकडून आलेली रोगप्रतिकारक शक्ती पुढे ओसरू लागते आणि लशीची पहिली मात्रा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास द्यावयाची असते. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो हा रोग नेमका लहान पिल्लांना गाठतो. काकांच्या पहिल्या पिल्लाच्या वेळी ही अट पाळली गेली असती, तर ते कदाचित वाचले असते.

आता कराविषयी. जिवंत कुत्र्याच्या विक्रीवर वस्तू व सेवा कर नाही. १ जुलै २०१७ रोजी तो कर आला तेव्हा घोड्यावर कर बसला. कुत्रे मात्र करमुक्त जिवंत प्राण्यांत राहिले. केवळ करमुक्त माल विकणाऱ्यास त्या कराची नोंदणीही लागत नाही. आपला नर दुसऱ्याच्या कुत्रीला जोडून फी घेतली, तर ती मात्र सेवा ठरते. पण वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत हौशी माणसाने घाबरण्याचे कारण नाही.

आयकराची गोष्ट निराळी. “शेतावरच वाढवली, तेव्हा शेतीचेच उत्पन्न,” असे काकांचे म्हणणे होते. पण आयकराच्या दृष्टीने पिल्लांची विक्री हे शेतीचे उत्पन्न नव्हे. नियमित विक्री होत असेल, तर मिळकतीतून आहार, लस, औषधे यांचा खर्च वजा करून उरलेला नफा व्यवसायाच्या उत्पन्नात दाखवावा. हिशेब ठेवणाऱ्यास खर्चाची वजावट मिळते. न ठेवणाऱ्यास ती पटवून देता येत नाही.

एक विसंगती सांगावयास हवी. नोंदणीला पाच हजार रुपये लागतात. पण १९६० च्या मूळ कायद्याने नियमभंगास ठरवलेला दंड शंभर रुपयांपर्यंत, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असा होता. प्रामाणिक माणसास शुल्काचा भार आणि बेपर्वा माणसास दंडाचा धाक नाही, असे त्यातून होऊ शकते. त्यामुळे घेणाऱ्याचे शहाणपण हाच खरा पहारा. पिल्लू घेताना आई पाहावी, जन्मतारीख विचारावी, लशीचा कागद मागावा. टाळाटाळ झाल्यास रिकाम्या हाताने परतावे.

काकांनी अर्ज केला आहे. खुंटीला एक वही टांगलेली असते. तिच्या पहिल्या पानावर कुत्रीचे नाव व जन्मतारीख, पुढे एकेका पिल्लाची हकीकत. मुलांनीच ती लिहावयास घेतली आहे. कुत्री पुन्हा माजावर आली, तेव्हा गावातून दोघे पिल्लांसाठी विचारून गेले. वही उघडून धाकट्याने त्यांना सांगितले, “या वर्षी नाही. पुढच्या वर्षी या.”