हळदीच्या रंगाचे चकचकीत बटण

सांगली–इस्लामपूर रस्त्यावरचे आष्टा हे ऊस आणि हळदीच्या पट्ट्यातले गाव. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. इथला एखादा शेतकरी आपली हळद संकेतस्थळावरून विकायला निघाला, असे धरू. त्याच्या पानावर सगळ्यात मोलाची जागा एकच : ‘विकत घ्या’ हे बटण. ते पाहताच दाबावेसे वाटले पाहिजे. चकाकी त्यासाठीच असते.

चकाकी म्हणजे प्रकाशाचा हिशेब. घासलेला पितळी तांब्या खिडकीजवळ ठेवून नीट पाहा. वरच्या भागात खिडकीचे पांढरे प्रतिबिंब दिसते आणि त्याची कड अगदी ठळक असते. त्याखाली धातूचा मूळ रंग, आणि खाली टेकल्या जागी सावली. ॲपलने जानेवारी २००० मध्ये ‘ॲक्वा’ ही रचना दाखवली, तेव्हा पडद्यावरच्या बटणांना हाच हिशेब लावला होता. पुढची काही वर्षे जगभरच्या संकेतस्थळांवर अशी बटणे झळकत राहिली.

आता बटण बनवू. फोटोशॉप नसेल तर ‘गिंप’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. २६० × ९२ पिक्सेलची, पारदर्शक पार्श्वभूमीची नवी प्रतिमा उघडा. मधोमध २४० × ७२ चा, १२ पिक्सेल गोलाईच्या कोपऱ्यांचा आयत निवडा. चहूबाजूंनी उरलेले १० पिक्सेल सावलीसाठी आहेत.

पहिला लेअर अंगाचा. त्यात हळदी रंगाचा ग्रेडियंट भरा : मधल्या पट्ट्यात लाल २३०, हिरवा १६०, निळा २०; वरच्या कडेला हाच रंग थोडा गडद, खालच्या कडेला थोडा उजळ. खालचा उजेड विसरू नका. पारदर्शक वस्तूत वरून शिरलेला प्रकाश तळाशी साठतो; तो दाखवला की बटण काचेचे वाटते, नाहीतर नुसता रंगवलेला पत्रा दिसतो.

दुसरा लेअर चकाकीचा. तीच निवड २ पिक्सेलने आत घ्या, तिचा वरचा भाग तेवढा ठेवा आणि पांढऱ्या रंगाचा ग्रेडियंट भरा : वर सुमारे ७० टक्के दाट, खाली येईपर्यंत १५ टक्के. कड धूसर करू नका. ठळक कडेवरच सारा परिणाम अवलंबून असतो. तिसरा लेअर सर्वांत खाली, सावलीचा. ती मऊ आणि फिकी ठेवा, आणि दोनेक पिक्सेल खाली सरकवा.

यानंतर अक्षरे, आणि इथे देवनागरीकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. इंग्रजी मार्गदर्शक लेखांमध्ये चकाकीची कड बरोबर मध्यावर घेतात. रोमन अक्षरांना ते चालून जाते. आपल्याकडे मात्र ती आडवी कड शिरोरेषेजवळून जाते आणि शब्दावर दुसरी रेघ मारल्यासारखी दिसते. म्हणून चकाकी वरच्या एक तृतीयांशातच संपवा, किंवा तिची कड लंबगोलाने वाकवा. ‘वि’ची वेलांटी शिरोरेषेच्याही वर जाते, तेव्हा तिला वरून श्वास घेण्यापुरती जागा सोडा. अक्षरांचा लेअर चकाकीच्या वर हवा. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची सोय चालू नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या पुढे पडते आणि ‘घ्या’ फुटतो. ते आधी तपासा.

अक्षरांचा रंग पांढरा नको. हळदी रंगावर पांढऱ्याचा उठाव जेमतेम २.२ पट भरतो. सुगम्यतेचे निकष साध्या मजकुरासाठी ४.५ पट मागतात. गडद तपकिरी (लाल ६०, हिरवा ३०, निळा ०) घेतला तर तो साडेसहा पटींच्या पुढे जातो.

दाबलेल्या बटणासाठी याच लेअरांची दुसरी प्रत करा : ग्रेडियंट उलटा, सावली कमी, अक्षरे एक पिक्सेल खाली. दोन्ही रूपे एकाखाली एक, २६० × १८४ च्या एकाच चित्रात ठेवली, की बोट टेकताच दुसरे चित्र येण्याची वाट पाहावी लागत नाही. फाइल पीएनजी स्वरूपात जतन करा. जीआयएफमध्ये प्रत्येक पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक असतो नाहीतर पूर्ण भरीव, त्यामुळे कोपरे करवतीसारखे दिसतात. जेपीजीमध्ये तर पारदर्शकताच नाही.

एकेकाळी मराठी फॉन्ट वाचणाऱ्याच्या संगणकावर असेलच याची खात्री नसे, म्हणून शब्दांची चित्रे करणे भाग होते. युनिकोडमुळे ती अडचण सरली. आज चित्रातली अक्षरे मोठ्या केलेल्या पडद्यावर फुटतात, शोधयंत्राला सापडत नाहीत, आणि अंध वाचकाला ऐकू जावीत म्हणून पर्यायी मजकूर वेगळा द्यावा लागतो. म्हणून बटणाची घडण गिंपमध्ये ठरवा, आणि तेच ग्रेडियंट, तीच गोलाई, तीच सावली सीएसएसमध्ये लिहून काढा. अक्षरे खरी राहू द्या. शेवटी हे बटण भर उन्हात साध्या फोनवर उघडून पाहा. गिऱ्हाईक बाजारात उभे राहून तसेच पाहणार आहे. तिथे ‘विकत घ्या’ सहज वाचता आले, तरच ती चकाकी कामाची.